ठिणगीचा रंग

एरंडोल सोडलं आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडली.
दोन सीटांच्या मधलं इंजिनाचं झाकण गरम असतं,
त्यावर दही छान लागतं.
विरजणाचं पातेलं आधी मांडीवर घेतलं,
झाकण उचललं, कॉईलवर ओलं फडकं ठेवलं
आणि घड्याळ लावून बसले.
बावीस मिनिटं.
वैशाखात, भर दुपारी, बावीस मिनिटं म्हणजे
अर्धा माठ पाणी.

ही पूर्वी दवाखान्याची गाडी. फिरतं नेत्रतपासणी पथक.
बाहेरची अक्षरं मी दोनदा रंग देऊन बुजवली,
उन्हात ती पुन्हा वर येतात.
एकोणीस वर्षं हिच्यात मी लोकांना
दाराच्या आतला तक्ता वाचायला लावला.
लिलावात कुणी बोली लावेना, म्हणून माझी झाली.
आता माझा पलंग, माझा स्टोव्ह, माझी तुळस हिच्यातच.
तक्ता तेवढा काढायचा राहिला.

पारोळ्याला बायपासवर, रसवंतीच्या मागे, इद्रिस पिंजारीची टपरी.
वडील कापूस पिंजायचे,
धनुकलीच्या तारेवरून सांगायचे म्हणे, कापसात दमट किती.
हाही आधी कान लावतो.
"तापनी का मरी जास, थंडी व्हयनी का जित्ती व्हस.
कॉईल शे, सिस्टर. दुसरं काहीच नै."

जुनी कॉईल काढली. बुडाशी तेलाचा ओघळ.
मी म्हटलं, आता मोठ्या ताकदीची लावा.
तो म्हणाला, लावू, पण मग पॉइंट काढावे लागतील,
नाहीतर ही महिन्याभरात त्यांना खाऊन टाकेल.
काढले. त्या जागी काडेपेटीएवढं काळं मॉड्यूल.
दर तीन महिन्यांनी मी ते पॉइंट कानशीने घासत आले होते,
वाटलं, काहीतरी बोलावं.
पण ते डब्यात पडले, टिण्, आणि झालं.
नवी कॉईल त्याने इंजिनापासून लांब, वाऱ्याला कसली.
प्लगची फट वाढवली.
मग म्हणाला, अंधार पडू द्या.
ठिणगीचा रंग दिवसा कळत नाही.

रसवंतीचे घुंगरू थांबले.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
केळीचे ट्रक गेले, त्यांचा ओला हिरवा वास मागे राहिला.

साडेसातला त्याने प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला.
मी सेल्फ मारला.
टक. टक. टक.
"पिवळीच शे," तो म्हणाला. "कमजोर. फसवलं दुकानदारानं."
मी पाहिली होती. निळी होती.
स्टोव्हची ज्योत बुडाशी असते तशी, स्वच्छ.
पुन्हा मारला.
"पिवळी. पण आवाज तर बराबर येस..."

मी बॅटरी घेतली.
कॉईलवर नाही, त्याच्या डोळ्यात.
हलू नका.
उजव्या बाहुलीत ताक सांडल्यासारखं. डावा अजून पिकतोय.
"किती दिवस?"
"काय किती दिवस?"
"पिवळं."
तो पाना पुसत राहिला. बराच वेळ पुसला.
मग म्हणाला, वायरींचे रंग हल्ली पोऱ्याला विचारतो.

त्याला गाडीत घेतलं, दिवा लावला, पलंगावर बसवलं.
तिसऱ्या ओळीपर्यंत आला.
चौथीला गप्प झाला
आणि सवयीने कान पुढे केला.

सकाळी गाडी एका सेल्फात लागली.
पोऱ्याला त्याने सांगितलं, धुळ्याहून सामान आणतो,
आणि शेजारच्या सीटवर बसला, पातेलं मांडीवर घेऊन.
मी काही बोलले नाही. दवाखाना नऊला उघडतो.
मुकटी मागे पडलं. एकदाही अडली नाही.
फागण्याजवळ त्याचे डोळे मिटलेले दिसले,
मला वाटलं, लागला डोळा.
"चौथा सिलिंडर," तो म्हणाला,
"जरासा लंगडस."